विषय: डीएसएल चालू ठेवून घरातील जुन्या फोन जॅकवर इंटरनेट फोन

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

आम्ही एडिसन (न्यू जर्सी, अमेरिका) येथील आमच्या घरी नेहमीची फोनसेवा गेल्या महिन्यात बंद केली. आता लाइनवर केवळ डीएसएल, म्हणजे फोनच्या तारेवरून येणारे इंटरनेट, आहे आणि बोलण्यासाठी इंटरनेट फोनचे अडॅप्टर घेतले आहे. मोडेम आणि अडॅप्टर तळघरात असल्यामुळे फोनही तिथेच वाजतो. पुढील महिन्यात पुण्याहून सासूबाई व सासरे सहा महिन्यांसाठी येत आहेत. ते दिवसा घरी एकटेच असतील आणि सासऱ्यांना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे फोनसाठी जिना उतरणे जमणार नाही. स्वयंपाकघरात व वरच्या खोलीत जुने जॅक आहेत. अडॅप्टरची तार तळघरातील भिंतीवरच्या जॅकमध्ये घातली की घरातील सगळे जॅक सुरू होतील, असे एका परिचितांनी सांगितले. तसे करावे का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.

आपली नम्र,
एडिसन येथील एक सभासद

* * *

ताई, स. न. वि. वि.

आत्ता आहे त्या स्थितीत ती तार भिंतीतल्या जॅकमध्ये कृपया घालू नका. तुमच्या परिचितांचा सल्ला ज्यांचे इंटरनेट टीव्हीच्या केबलवरून येते त्यांच्यासाठी बरोबर आहे, कारण त्यांना फोन कंपनीची तार जिथे घराच्या तारांना जोडलेली असते त्या घराबाहेरच्या राखाडी पेटीतला प्लग काढून घरातील सारे वायरिंग कंपनीच्या लाइनपासून तोडता येते. तुमचे डीएसएल मात्र फोनच्या त्याच तांब्याच्या तारांच्या जोडीवरून येते. प्लग काढला तर इंटरनेट बंद पडेल आणि न काढता अडॅप्टर जोडले तर ते थेट कंपनीच्या लाइनला भिडेल. चालू फोन लाइनवर एरवी सुमारे ४८ व्होल्ट आणि घंटी वाजताना सुमारे ९० व्होल्ट दाब असतो. अडॅप्टर हा दाब फोनला पुरवण्यासाठी बनवलेले असते, बाहेरून आलेला झेलण्यासाठी नव्हे, त्यामुळे उद्या कंपनीने चुकून जरी सेवा पुन्हा सुरू केली तरी ते जळू शकते.

बरेच जण यावर उपाय म्हणून केबलमधल्या दोन जोड्या वाटून घेतात, म्हणजे लाल-हिरवी डीएसएलला आणि दुसऱ्या लाइनसाठी राखलेली काळी-पिवळी अडॅप्टरला. आम्हीही आधी तेच केले होते. परंतु जुन्या चार तारांच्या केबलमध्ये तारांना पीळ नसतो, त्यामुळे एका जोडीवरची घंटी दुसऱ्या जोडीत शिरते. आमच्याकडे फोन वाजू लागला की मोडेमची लाइन तुटत असे, आणि ज्या इंटरनेटवरून फोन आला तेच गेल्यामुळे आम्ही उचलेपर्यंत पलीकडे कोणीच नसे. भारतातून आलेले कितीतरी फोन आम्ही असे गमावले. शिवाय काही जुन्या घरांत काळ्या-पिवळ्या जोडीवर फोनच्या डायलमधल्या दिव्यासाठी छोटा ट्रान्सफॉर्मर जोडलेला असतो आणि तो बहुधा एखाद्या कोपऱ्यात विसरलेला असतो.

तुमचा मोडेम तळघरातच आहे, ही चांगली गोष्ट आहे. राखाडी पेटीपासून मोडेमपर्यंत पिळाच्या तारांची कॅटेगरी ५ ची एक नवी केबल ओढा. पेटीच्या ग्राहकाकडील भागात प्लग काढून ठेवा, तिथल्या स्क्रूंवरून घराची जुनी केबल सोडवा, त्यांवर नव्या केबलची निळी जोडी बसवा आणि मग प्लग परत लावा. कंपनीकडील भाग उघडू नये. सोडवलेल्या जुन्या तारांची टोके टेपने गुंडाळून त्यांवर ‘कंपनीच्या लाइनला जोडू नये’ अशी इंग्रजीत चिठ्ठी बांधा, म्हणजे पुढे दुरुस्तीला येणारा माणूस त्या सद्भावनेने पुन्हा जोडणार नाही. जुन्या जॅकवर व्होल्टेज शिल्लक नाही, हे मल्टिमीटरने पाहिल्यानंतरच अडॅप्टर त्या जॅकमध्ये लावा. मग घरातले सगळे जॅक सुरू होतील आणि कुठेही डीएसएल फिल्टर (फोनवर डीएसएलची खरखर येऊ न देणारी डबी) लागणार नाही. प्रत्येक फोनच्या तळाशी आरईएन हा आकडा असतो, म्हणजे त्याची घंटी वाजवायला किती भार पडतो त्याचे माप. त्यांची बेरीज अडॅप्टरच्या मर्यादेत ठेवा, नाहीतर घंटी क्षीण वाजते. घरात चोरीचा अलार्म असेल तर तो याच तारांवर असू शकतो, म्हणून आधी त्याची चौकशी करा.

सासू-सासरे एकटे असणार म्हणून आणखी एक गोष्ट आग्रहाने लिहितो. वीज गेली की हा फोन बंद पडतो. मोडेम, राउटर आणि अडॅप्टर ही तिन्ही यंत्रे एका यूपीएसवर ठेवा. इंटरनेट फोन कंपन्यांना ९११ ची (अमेरिकेतील तातडीच्या मदतीच्या क्रमांकाची) सोय देणे २००५ पासून बंधनकारक असले तरी मदत तुम्ही नोंदवलेल्या पत्त्यावरच येते, तेव्हा तो पत्ता आजच तपासा. सेवा बंद असलेला, पण ४जी वरून बोलता येणारा जुना मोबाइलही चार्ज करून त्यांच्या उशाशी ठेवा, कारण त्यावरूनही ९११ लागतो.

आपला,
एक सभासद

* * *

काका, सादर नमस्कार.

शनिवारी आपण लिहिल्याप्रमाणे सर्व केले. जुन्या जॅकवर काळ्या-पिवळ्या जोडीत सात व्होल्टच्या आसपास दाब दिसला, म्हणून शोध घेतला तेव्हा वॉटर हीटरमागच्या सॉकेटमध्ये खरोखरच एक ट्रान्सफॉर्मर सापडला. तो काढला. यूपीएस मागवले आहे. ९११ साठी नोंदवलेला पत्ता आमच्या जुन्या अपार्टमेंटचा निघाला, तोही बदलून घेतला. आज सकाळी वरच्या खोलीतून पुण्याला फोन लावला आणि सासऱ्यांशी वीस मिनिटे बोलले. मध्येच दोनदा दुसरा फोन आला, तरी लाइन तुटली नाही.

आपली नम्र,
एडिसन येथील एक सभासद