गोरज मुहूर्तावर पांढरी कबुतरे सोडायची आहेत : तातडीने मदत हवी

वधूचा मामा
नमस्कार. येत्या रविवारी गुहागरला भाचीचे लग्न असून, अक्षता पडताच वधूवरांच्या हातून अकरा पांढरी कबुतरे सोडावीत अशी तिची इच्छा आहे. पक्षी आणून पडवीत ठेवले आहेत. ते मांडवात न घुटमळता सरळ समुद्राकडे उडावेत यासाठी काय करावे? सोडावेत की नाही यावर चर्चा नको, उपाय सांगावा.

ढाबळवाला, चिपळूण
मामा, पक्षी कोठून आणले आणि मुहूर्त कोणता, हे आपण लिहिलेच नाही. शिकवलेले कबूतर समुद्राकडे नव्हे, स्वतःच्या ढाबळीकडे, म्हणजे खुराड्याकडे, उडते. माझ्याकडे पिल्लू उडू लागले की त्याला आधी एक, मग पाच, मग वीस किलोमीटरांवरून सोडत नेतो, आणि सूर्य व पृथ्वीचे चुंबकत्व यांच्या आधाराने ते वाट धरते. बाजारातून आणलेला मोठा पक्षी आपल्या मांडवाला घर मानणार नाही.

वधूचा मामा
मुंबईच्या बाजारातून आणले. मुहूर्त गोरज आहे हे शीर्षकातच आहे. त्यात विशेष ते काय?

ढाबळवाला, चिपळूण
विशेष हेच, की कबूतर अंधारात प्रवास करत नाही. मुंबई येथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांहून दूर आहे. दिवेलागणीला सोडलेला पक्षी जेमतेम शेजारच्या कौलांवर जाऊन बसेल आणि रात्री मांजराच्या किंवा घुबडाच्या तोंडी जाईल.

माडाखाली
त्यापेक्षा पांढरे फुगे सोडावेत. आमच्याकडे गेल्या वर्षी फार शोभा आली होती.

परसातील पक्षी
फुगे मुळीच नकोत. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि फुटलेला फुगा अखेर पाण्यातच पडतो. मामा, या पक्ष्यांच्या चोचीच्या मुळाशी पांढरी, फुगीर गाठ आहे का? आणि ते हसल्यासारखा आवाज काढतात का?

दादरकर
कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसांचे विकार होतात. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद केला, तो याच कारणाने. पडवीत ठेवूच नयेत.

ढाबळवाला, चिपळूण
दादरकर, प्रश्न तो नाही.

वधूचा मामा
गाठ नाही, चोच बारीक आहे आणि शेपूट लांबट. हसतात मात्र खरे. पहाटे आईने ‘कोण हसते आहे?’ म्हणून विचारले होते.

परसातील पक्षी
मग ती कबुतरे नव्हेत, पिंजऱ्यात वाढवलेले पांढरे होले आहेत. त्यांना परतीची वाट ठाऊक नसते, दाणा शोधण्याची सवय नसते, आणि हिरव्या माडांवर तो पांढरा रंग शिक्र्याला लांबूनच दिसतो. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. त्यांना सावलीत, पंख पसरता येतील अशा मोठ्या पिंजऱ्यात ठेवावे आणि बाजरी, ज्वारी व पाणी द्यावे. होले पाळणारा कोणी मिळाला, तर त्याच्याकडे सोपवावेत.

वधूचा मामा
भाचीला काय सांगू? अकराही जणांना तिने नावे दिली आहेत.

ढाबळवाला, चिपळूण
नावे दिली असतील तर ठेवून घ्या, सोडू नका. सकाळी ग्रहमख आटोपले की माझी सहा पांढरी कबुतरे घेऊन येतो. ती पाऊण तासात चिपळूणला परततील. मळभ किंवा पाऊस असल्यास सोडणार नाही, आणि त्या वेळी फटाके वाजता कामा नयेत.

वधूचा मामा
ग्रहमख नऊ वाजता आहे. आमच्याकडचे फटाके थांबवतो. वरपक्षाकडच्या बँडवाल्यांची हमी मात्र देता येत नाही.