लिनक्सवर पायथनमधून विंडोजची डीएलएल कशी वापरावी? सल्ला हवा

नमस्कार मंडळी. मोजमापाच्या एका यंत्राबरोबर फक्त विंडोजची डीएलएल (इतर प्रोग्रॅमनी वापरायची फंक्शन्स असलेली फाइल) मिळाली आहे, सोर्स कोड नाही. बाकीचं सगळं काम लिनक्सवर पायथनमध्ये चालतं. सीटाइप्सने (पायथनमधून अशा फाइलींतली फंक्शन्स चालवणारं मॉड्यूल) उघडायला गेलो की 'इनव्हॅलिड ईएलएफ हेडर' येतं. एका फाइलसाठी वेगळं विंडोज मशीन ठेवणं जिवावर येतंय. काही मार्ग?

प्रतिसाद १
लिनक्सचा लोडर ईएलएफ (लिनक्सवरच्या प्रोग्रॅम फाइलींचा फॉरमॅट) मागतो, डीएलएल असते विंडोजच्या पीई फॉरमॅटमध्ये. फाइलचं एक्स्टेन्शन बदलूनही काही होणार नाही. आधी टर्मिनलवर 'फाइल' कमांडने ती तपासा. पीई३२ म्हणजे ३२ बिट, पीई३२+ म्हणजे ६४. डॉटनेटची (मायक्रोसॉफ्टचा प्लॅटफॉर्म) निघाली तर पायथननेटने (पायथनला डॉटनेटशी जोडणारं पॅकेज) थेट लिनक्सवरही चालू शकते, आतून विंडोजचे नेटिव्ह कॉल नसले तर.

धागाकर्ता
पीई३२ आलं. डॉटनेटचा उल्लेख नाही.

प्रतिसाद २
मग वाइनच (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर). वाइनमध्ये विंडोजचं पायथन टाका, तेही ३२ बिटचंच. ६४ बिट प्रोसेसमध्ये तुमची डीएलएल लोड होणार नाही. त्या पायथनमध्ये एक्सएमएल-आरपीसीचा (एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यातली फंक्शन्स बोलावायची पद्धत) छोटा सर्व्हर लिहा (स्टँडर्ड लायब्ररीतच आहे) आणि लिनक्सची स्क्रिप्ट लोकलहोस्टवरून त्याला विचारू दे. डीएलएल कोसळली तर सर्व्हर पडतो, मुख्य प्रोग्रॅम शाबूत राहतो. मला ही पद्धत मनापासून आवडते.

फक्त रेसटाइप (फंक्शन कोणत्या प्रकारचं उत्तर देतं ते सीटाइप्सला सांगणं) विसरू नका! ते दिलं नाही तर सीटाइप्स उत्तर इंट (पूर्णांक) धरून चालतं. माझं फंक्शन डबल (दशांश संख्या) परत करत होतं आणि २५.४ च्या जागी भलताच आकडा यायचा. दोन दिवस मी केबल बदलत बसलो होतो. शिवाय ३२ बिटमध्ये फंक्शन बोलावायची पद्धत एसटीडीकॉल की सीडेकल हे हेडर फाइलमध्ये बघा, त्यावरून सीटाइप्समधलं अनुक्रमे विनडीएलएल की सीडीएलएल वापरायचं ते ठरवा.

प्रतिसाद ३
स्ट्रक्चर (एकत्र बांधलेली अनेक मूल्यं) लिनक्सच्या बाजूला बांधून बाइट्स पाठवू नका. विंडोजवर लाँग (सी भाषेतला पूर्णांकाचा प्रकार) ४ बाइटचा, ६४ बिट लिनक्सवर ८ चा. डब्ल्यूचारही (अक्षर साठवायचा प्रकार) तिकडे २, इकडे ४. वाइनच्या बाजूलाच साधे आकडे आणि स्ट्रिंग करून घ्या. यंत्र जोडलंय कशाने? त्याला स्वतःचा यूएसबी कर्नल ड्रायव्हर लागत असेल, तर वाइनचा बहुतेक उपयोग होणार नाही.

धागाकर्ता
सुदैवाने सिरीयल आहे, वाइनला कॉम१ (सिरीयल पोर्टचं विंडोजमधलं नाव) म्हणून दिसलं. विनडीएलएलने उघडली, रेसटाइप दिलं, पहिलं रीडिंग यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्याशी तंतोतंत जुळलं. आता सर्व्हर लिहायला घेतो. मनापासून आभार!