मदत हवी आहे: लेकीच्या ब्रेसेससाठी नेहमीचे डेंटिस्ट की ऑर्थोडॉन्टिस्ट?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं लिहिते म्हणजे परत परत प्रश्न नकोत.

लेक साडेअकरा वर्षांची, सहावीत. वरचे पुढचे दात बऱ्यापैकी बाहेर आहेत, ओठ मिटायला तिला जोर लावावा लागतो आणि डावीकडचा सुळा पार वर हिरडीतून डोकावतोय. शाळेत दातांचा कॅम्प झाला तिथून चिठ्ठी आली, "ब्रेसेससाठी दाखवा". आम्ही भांडुपला राहतो. आमचे फॅमिली डेंटिस्ट म्हणजे घरचेच, आम्ही त्यांना डॉक्टर काकाच म्हणतो, पंधरा वर्षं झाली, सासूबाईंच्या कवळीपासून माझ्या रूट कॅनालपर्यंत सगळं त्यांनीच केलं, छोट्या कामाचे कधी पैसे घेत नाहीत. ते म्हणाले, अगं मीच करतो की, वरच्या दोन दाढा काढू, वर्ष-दीड वर्षात दात सरळ, ३८ हजार, जमेल तसे दे.

मग नणंदेच्या आग्रहाखातर मुलुंडला एका ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वाकडे दात आणि जबडे नीट करणाऱ्या स्पेशालिस्टकडे, गेलो. तिथे ओपीजी आणि लॅटरल सेफ असे दोन एक्सरे, मापं, फोटो, सगळं झालं आणि त्या मॅडम म्हणाल्या की दात पुढे आहेतच पण खालचा जबडा मागे आहे, म्हणून आधी ट्विन ब्लॉक नावाचं काढघाल करायचं उपकरण ९ ते १२ महिने आणि मग ब्रेसेस. दात काढायचे का ते नंतर ठरवू. एकूण ८२ हजार, रिटेनर (ब्रेसेस काढल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून घालायचे ते) वेगळे. वर मला बाजूला घेऊन विचारलं, हिची पाळी सुरू झालीय का? मी दोन मिनिटं गपच. दातांचा आणि पाळीचा काय संबंध?

अहोंचं म्हणणं, दुप्पट पैसे आणि दुप्पट वेळ, हे धंदा करतायत. सासूबाईंचं म्हणणं, वयात आली की दात आपोआप बसतात. मेडिक्लेमवाल्याला विचारलं तर ब्रेसेस त्यात बसत नाहीत म्हणाला. आणि खरं सांगू का, मला पैशापेक्षा डॉक्टर काकांना कसं सांगायचं याचंच जास्त टेन्शन आलंय. क्लिनिक आमच्या बिल्डिंगच्या खालीच आहे हो, रोज समोर येतात.

कोणी यातून गेलंय का? प्लीज सांगा.

बटाटेवडा_दोन: आमचा अनुभव सांगतो. मुलाला जवळच्याच जनरल डेंटिस्टकडे लावल्या, चौदा महिन्यांत दात एकदम मस्त सरळ, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. रिटेनर नावाची गोष्ट असते हे कोणी सांगितलंच नाही, किंवा सांगितलं असेल तर एका वाक्यात. वर्षभरात पुढचे दोन दात परत एकमेकांवर चढले. आता कॉलेजात असताना दुसऱ्यांदा ब्रेसेस, या वेळी ऑर्थोकडे. स्वस्तातलं काय पडलं ते तुम्हीच मोजा.

गिरगावचा_जुना: आमच्या चाळीत कोणाला ब्रेसेस नव्हत्या, सगळ्यांची लग्नं झाली, संसार झाले. हे सगळं हल्लीचं फॅड.

दातखिळी: मी स्वतः बीडीएस, म्हणजे साधी डेंटिस्ट, डोंबिवलीत प्रॅक्टिस करते, ब्रेसेसच्या केसेस घेत नाही. जुन्याकाकांना आधी सांगते, लग्नाचं सोडा, वरचे दात खूप पुढे असलेलं मूल पडलं की पहिले तेच दात तुटतात. दर मे महिन्यात सायकलवरून पडलेली मुलं माझ्याकडे येतात, तुटलेला तुकडा रुमालात घेऊन.

आता ताई तुमच्यासाठी. बीडीएस म्हणजे चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. ऑर्थो हा विषय आम्हालाही असतो पण अनेकांतला एक. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे त्यानंतर तीन वर्षांचं एमडीएस, फक्त दात आणि जबडे हलवणं हाच अभ्यास. एखाद-दुसरा दात किंचित वाकडा असेल तर अनुभवी बीडीएसही नीट करतो, त्यात मी कोणाला कमी लेखत नाही. पण तुमच्या लेकीची केस नुसती दातांची नाही, जबड्याची आहे. लॅटरल सेफ हा बाजूने काढलेला एक्सरे असतो, त्यात दात पुढे गेलेत की जबडाच मागे राहिलाय ते कळतं. भिंत ओळंब्यात नसेल तर वरून प्लॅस्टर कितीही गुळगुळीत करा. काकांनी सेफ काढला होता का?

पाळीचं का विचारलं ते सांगते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ट्विन ब्लॉकसारखी उपकरणं वाढीच्या जोरावर काम करतात. मुलींची उंची झपाट्याने वाढते तो काळ साधारण पाळी सुरू व्हायच्या आधीचा, आणि पाळी आली की तो वेग ओसरायला लागतो. मुलांमध्ये हे सगळं एक-दोन वर्षं उशिरा. त्याच एक्सरेत मानेच्या मणक्यांचा आकार बघूनही वाढ किती उरलीय याचा अंदाज घेतात. म्हणजे मॅडमनी बरोबर प्रश्न विचारला. ही संधी गेली की मग उरतं ते वरचे दात काढून पुढचे मागे घेणं, किंवा फारच फरक असेल तर मोठेपणी जबड्याचं ऑपरेशन. सासूबाईंना सांगा, दात आपोआप बसतात हे आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या बाबतीत थोडंफार खरं आहे, पुढच्या दातांत फट असते ती सुळे आले की बरेचदा मिटते. तुमच्याकडे तसं दिसत नाही.

बटाटेवडा_दोन: हे आधी कोणी सांगितलं असतं तर!

लोकलची_खिडकी: पैशाचा प्रश्न असेल तर गव्हर्न्मेंट डेंटल कॉलेज बघा, सीएसएमटीला उतरून सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या शेजारी, तुम्हाला भांडुपवरून थेट लोकल. नाहीतर मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर डेंटल. दोन्हीकडे ऑर्थोचा स्वतंत्र विभाग आहे, एमडीएस करणारे विद्यार्थी ट्रीटमेंट देतात आणि वर सर बघतात. खर्च खाजगीच्या मानाने खूपच कमी. पण नंबर लागायला वेळ लागतो आणि दर चार-सहा आठवड्यांनी अर्धा दिवस जातो, शाळा बुडते, तुमची सुट्टी बुडते. मी भाचीला नेत होते, तिचं काम छान झालं, मात्र मधे विद्यार्थी बदलला तेव्हा दोन महिने सगळं जरा ढिलं पडलं. कळव्यापर्यंत उभ्याने परत यायचं ते वेगळंच.

मूळ धागाकर्ती: सगळ्यांचे खूप आभार. सेफ काकांनी नव्हता काढला, नुसतं तोंडात बघून सांगितलं होतं. एक शंका, काकांच्या क्लिनिकमध्ये दर गुरुवारी एक ऑर्थो येतात असं त्यांच्या रिसेप्शनिस्टने हळूच सांगितलं, मग तिथेच त्यांच्याकडून केलं तर? काकाही दुखावणार नाहीत.

दातखिळी: मुंबईत हे फार चालतं आणि त्यात गैर काही नाही. फक्त स्पष्ट विचारून घ्या. प्लॅन कोण करणार, दर वेळी वायर कोण बदलणार, का ऑर्थो पहिल्या दिवशी ब्रॅकेट (वायर धरायला दातावर चिकटवतात ते) लावून जाणार आणि पुढचं दुसरंच कोणी बघणार? दोन वर्षं लागतील, मधेच त्यांनी यायचं बंद केलं तर केस कोणाकडे? ब्रॅकेट निघालं तर गुरुवारपर्यंत थांबायचं का? आणि डिग्री बघा, बोर्डावर 'एमडीएस, ऑर्थोडॉन्टिक्स' असं लिहिलेलं हवं. नुसतं एमडीएस दातांच्या दुसऱ्या शाखेचंही असू शकतं, आणि वीकेंडचा कोर्स करूनही लोक ब्रेसेस लावतात. एक्सरे, रिपोर्ट सगळं स्वतःकडे ठेवा, ते तुमचं आहे.

मूळ धागाकर्ती: अपडेट देते. काल धीर करून मुलुंडचे एक्सरे घेऊन काकांकडे गेले. त्यांचा चेहरा जरा पडला, खोटं कशाला बोलू. पण सेफची फिल्म खिडकीशी धरून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, जबडा मागे आहे खरा, मी नुसते दात बघितले. गुरुवारच्या ऑर्थोचं विचारलं तर स्वतःच म्हणाले की ते महिन्यातून दोनदाच येतात, हिला जवळून लक्ष देणारं कोणीतरी हवं. खालच्या एका दाढेला कीड आहे ती मात्र ब्रेसेसच्या आधी भरायला हवी म्हणाले, ती मी भरतो, आणि दर सहा महिन्यांनी क्लीनिंगला इकडेच आण. मी घरी येऊन थोडं रडलेच.

मुलुंडच्या मॅडमनी पैसे टप्प्याटप्प्याने घ्यायचं कबूल केलंय, ट्विन ब्लॉकचे आत्ता ३०, बाकी ब्रेसेस लावताना. अहो अजून कुरकुरतायत पण हप्ता भरायला तयार आहेत.

आता नवीन प्रॉब्लेम. डिसेंबरात शाळेचं गॅदरिंग आहे आणि लेकीला नाटकात मोठा रोल मिळालाय, पानभर डायलॉग. ट्विन ब्लॉक जेवतानाही घालून ठेवायचं म्हणे. बोलता येईल का तिला? का गॅदरिंगनंतर सुरू करू?

दातखिळी: सुरुवातीला बोबडं बोलेल, लाळ गळेल, चिडचिड करेल. मोठ्याने वाचायला लावा, बहुतेक मुलं काही दिवसांत सरावतात. डिसेंबरला अजून दीड महिना आहे, वाढीच्या वयात महिने फुकट घालवू नका. आत्ताच सुरू करा आणि प्रयोगाच्या तासाभरापुरतं काढलं तर चालेल का ते मॅडमना विचारा, बहुधा हो म्हणतील. फक्त काढलं की डबीत ठेवायला सांगा. टिशूत गुंडाळून ठेवलेली उपकरणं कचऱ्यात जातात, दर वर्षी.

गिरगावचा_जुना: डायलॉग पाठ करताना तोंडात ते घालूनच म्हणायला लावा. जे काढल्यावर बोलेल ते खणखणीत येईल. आम्ही गणपतीतल्या नाटकांना तोंडात सुपारी धरून तालीम करायचो.

मूळ धागाकर्ती: काका, हे आवडलं तिला. उद्या सकाळी साडेदहाची अपॉइंटमेंट घेतलीय.