शेवाळ धातू 'शोषतं' की 'अधिशोषतं'? आणि कचरा म्हणू की चोथा?

पानमळा
भोसरीतल्या छोट्या इलेक्ट्रोप्लेटिंगवाल्यांसाठी मराठी पत्रक लिहितेय. सरगॅसमसारखं तपकिरी समुद्री शेवाळ वाळवून, किंवा त्यातलं अल्जिनेट (शेवाळातला चिकट पदार्थ) काढल्यावर जे उरतं ते वापरून, सांडपाण्यातलं तांबं, निकेल, जस्त कमी करता येतं आणि खर्चही कमी, असा विषय आहे. मी लिहिलं 'शेवाळ जड धातू शोषून घेतं'. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून 'अधिशोषण करते' केलं. वर्कशॉपमधल्या माणसाला यातून काय कळणार? शिवाय 'शेवाळाचा कचरा' पण खटकतंय, कचरा म्हटलं की घंटागाडीच आठवते. सुचवा.

क्षार_आम्ल
ताई, सरांचं बरोबर आहे. शोषण म्हणजे आत मुरणं, अधिशोषण म्हणजे पृष्ठभागावर धरून ठेवणं. हे शेवाळ मेलेलं, वाळलेलं असतं, ते काही पीत नाही. त्याच्या पेशीभित्तिकेत अल्जिनेट असतं, त्यावरच्या कार्बोक्सिल गटांपाशी (धातू धरणारे ऋणभारित अणुगट) आधी कॅल्शियम, सोडियम बसलेले असतात, तांबं किंवा शिसं आलं की ते उठतात आणि हे त्यांच्या जागी बसतात. म्हणूनच नंतर सौम्य आम्लाने धुतलं की धातू परत सुटतो आणि शेवाळ पुन्हा वापरता येतं. 'शोषून घेतं' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं धातू संपला. तो संपत नाही हो, पाण्यातून शेवाळावर जातो, आणि ते भरलेलं शेवाळ कोणी उकिरड्यावर टाकलं तर सगळी मेहनत पाण्यात. हे पत्रकात ठळक लिहाच.

रांगडा_गडी
अधिशोषण हा हिंदी पुस्तकातला शब्द आहे, आमच्याकडे कोण बोलत नाही असं. सरळ 'धरून ठेवतं' म्हणा की.

मूळाक्षर
हिंदीत आहे म्हणून हिंदीचा होत नाही. अधि म्हणजे वर, अधिष्ठानातला अधि तोच. जर्मनीत हाइनरिख कायझर या भौतिकशास्त्रज्ञानेसुद्धा 1881 मध्ये यासाठी वेगळा शब्द रूढ केला कारण आत मुरणं आणि पृष्ठभागावर बसणं यातला फरक दाखवायचा होता. फरक खरा असेल तर शब्दही वेगळा हवा, आपणच आपले शास्त्रीय शब्द वापरले नाहीत तर ते रुळणार कधी? आणि 'शोषण' म्हटलं की आज लोकांना कामगारांचं शोषणच आधी आठवतं.

जुनी_दौत
'टिपणे' का नको? आमच्या शाळेत टीपकागद असायचा. चिमणी दाणे टिपते, तसं शेवाळ पाण्यातले धातू टिपतं, कानाला किती गोड लागतं.

क्षार_आम्ल
काका, टिपणे मलाही आवडलं, पण टीपकागदात शाई आत मुरते, म्हणजे पुन्हा शोषणच झालं. आणि ताई, क्रोमियमचं वेगळं कलम करा. प्लेटिंगच्या पाण्यातला सहा संयुजेचा क्रोमियम ऋणभारित असतो, तो तांब्यासारखा या गटांवर बसत नाही, त्याला पाणी बरंच आम्लधर्मी लागतं. तांब्याला साधारण चार-पाच पीएच ठीक.

सुपारीबाग
मी रत्नागिरीकडची. 'कचरा' काढून टाका आणि 'चोथा' लिहा, रस काढून घेतल्यावर उरतो तो चोथा, चहाचा असतो तसाच अल्जिनेट काढलेल्या शेवाळाचा. तमिळनाडूत मन्नारच्या आखाताकडे बायका शेवाळ गोळा करतात, त्यातल्या काही जातींपासून अगर निघतं, आपलं चायना ग्रास, त्याचाही चोथाच उरतो. बाकी आमच्या खडकांवर वाहून आलेलं सरगॅसम, ते बारीक फुगे असलेलं, मी मुलांना दाखवायला वाळवलं होतं. गोड्या पाण्याने मीठ जाईपर्यंत धुतलं, कुस्करलं आणि बोर्डो मिश्रणासाठी (बागेत फवारायचं बुरशीनाशक) आणलेला चिमूटभर मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, पाण्यात विरघळवून त्यात टाकलं. अधूनमधून ढवळत राहिलो, निळा रंग फिका होत गेला आणि शेवाळ हिरवट दिसायला लागलं. पाणी मात्र थोडं तपकिरी झालं.

क्षार_आम्ल
ते तपकिरी म्हणजे शेवाळातलंच काही सुटलं. आधी कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात भिजवून घेतलं तर कमी सुटतं.

पानमळा
चोथा पक्का, धन्यवाद सुपारीबाग! पण नुसतंच वाळवलेलं शेवाळ असेल तर चोथा चालेल का? आणि क्रियापद अजून ठरलंच नाहीये.

मूळाक्षर
नाही चालणार, ज्यातून काहीच काढलेलं नाही त्याला चोथा कसं म्हणायचं. मोरचूद शब्द आला म्हणून सांगतो, संस्कृतात याला तुत्थ म्हणतात, मयूरतुत्थ म्हणजे मोराच्या रंगाचं, त्यावरून मोरचूद. हिंदीतलं नीला थोथा पण तुत्थवरूनच.

रांगडा_गडी
मग चोथा आणि थोथा एकच की!

मूळाक्षर
अजिबात नाही, नुसता उच्चार जवळ आला म्हणून व्युत्पत्ती जोडता येत नाही. एक खनिज, दुसरा पिळून उरलेला भाग, अर्थाचा काय संबंध?

जुनी_दौत
हिंदीत थोथा म्हणजे पोकळ, निःसत्त्व असाही अर्थ आहे की, आणि सत्त्व निघून गेलेला तोच चोथा. मला तर संबंध दिसतो. कोणाकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असेल तर चोथा काढून बघा ना.