मदत हवी आहे : मोराच्या चोचीत कुऱ्हाड असलेले मानचिन्ह कोणत्या स्क्वाड्रनचे?

ट्रंकवाला
आजोबांच्या ट्रंकेत एक मानचिन्ह सापडले आहे. वर मुकुट, मध्ये मोराचे डोके, चोचीत कुऱ्हाड आणि मागे पेटलेले ओंडके असे चित्र आहे. आजोबा लोहगावला लिबरेटर या बॉम्बर विमानांवर होते आणि महायुद्धात ब्रह्मदेशावर बॉम्बफेक करून आले होते, असे घरात सर्वजण सांगतात. येत्या रविवारी त्यांच्या जन्मशताब्दीसाठी सगळे नातेवाईक जमणार असून त्यांच्यावर दोन पाने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. तेव्हा हे भारतीय हवाई दलाच्या कोणत्या स्क्वाड्रनचे चिन्ह आहे, एवढेच कृपया सांगावे. गूगलवर शोधून झाले आहे. तोच सल्ला पुन्हा नको.

मावळतीकर
मोर आहे म्हणजे चिन्ह भारतीयच असणार, यात शंका घेण्याचे कारण दिसत नाही.

जुना_नॅव्हिगेटर
शंका घेण्याचे कारण मुकुटातच आहे, तो ब्रिटिश राजसत्तेचा असतो. शिवाय आपल्याकडे लिबरेटर उडवणाऱ्या दोन स्क्वाड्रन होत्या, पाचवी आणि सहावी. पाचवीला टस्कर्स म्हणतात आणि सहावीला ड्रॅगन्स. मोराचा दोन्हींशी संबंध नाही. धागाकर्त्यांनी कृपया सांगावे की मुकुटाच्या कमानी वर घुमटासारख्या फुगलेल्या आहेत की मध्यभागी खाली दबलेल्या आहेत, खालच्या पट्टीवर काय लिहिले आहे आणि आजोबा नेमके कोणत्या वर्षी भरती झाले.

सुगरण_माई
पितळी वस्तू चिंचेच्या कोळाने घासली, तर अक्षरे लख्ख दिसतात. आमच्याकडे सासऱ्यांची पदके दर दसऱ्याला अशीच घासतात.

जुना_नॅव्हिगेटर
माई, वस्तू पितळी आहे असे धागाकर्त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. आणि पदके घासू नयेत, ही विनंती.

ट्रंकवाला
लाकडी ढाल आहे, त्यावर रंगवलेले चित्र आहे. हे सांगायचे राहिले. मुकुट घुमटासारखा आहे. गोल चौकटीवरील अक्षरे झिजली आहेत. खालच्या पट्टीवर रोमन लिपीत ‘क्वो नॉन, क्वांडो नॉन’ असे काहीतरी आहे. वर्षाचा येथे काय संबंध?

लँकेस्टरप्रेमी
बॉम्बर स्क्वाड्रनच्या चिन्हांचा विषय निघाला आहे, तर ब्रिटिशांच्या 617 क्रमांकाच्या स्क्वाड्रनला तोड नाही. फुटलेली धरणाची भिंत, तीन विजा आणि खिंडारातून उसळणारे पाणी! 16 मे 1943 च्या रात्री 19 लँकेस्टर विमानांतून 133 जण जर्मनीतील धरणांवर गेले आणि त्यांपैकी 53 मृत्युमुखी पडले. इंग्लंडहून जर्मनीवर हल्ले करणाऱ्या संपूर्ण बॉम्बर कमांडचा विचार केला, तर सुमारे सव्वा लाख वैमानिक व सहकाऱ्यांपैकी 55,573 जण परतले नाहीत.

जुना_नॅव्हिगेटर
माहिती अचूक आहे, पण विचारलेली नाही. हे चिन्ह ब्रिटिश हवाई दलाच्या 159 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे आहे आणि ब्रीदवाक्याचा अर्थ ‘कोठे नाही? केव्हा नाही?’ असा आहे. मोर हे ब्रह्मी राजघराण्याचेही चिन्ह होते, तेव्हा माझ्या मते हा मोर इरावतीकाठचा आहे. ही स्क्वाड्रन 1942 साली बंगालमध्ये आली आणि रंगून, बँकॉक, ब्रह्मदेश-सयाम रेल्वे अशा लक्ष्यांवर लिबरेटर विमाने नेत राहिली. ऑक्टोबर 1944 मध्ये विंग कमांडर ब्लॅकबर्न यांच्या नेतृत्वाखाली 15 विमानांनी पेनांग बंदरात सुरुंग पेरले. जाऊन-येऊन 3,000 मैलांहून अधिक अंतर होते आणि त्यासाठी इंधनाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा लागला. लँकेस्टरप्रेमींनी दिलेल्या 55,573 च्या आकड्यात ही माणसे धरलेली नाहीत, कारण बंगालमधील स्क्वाड्रन बॉम्बर कमांडच्या नव्हत्या. याच स्क्वाड्रनमधील वायरलेस ऑपरेटर स्टॅन्ली वूडब्रिज यांचे विमान 31 जानेवारी 1945 रोजी ब्रह्मदेशात कोसळले. जपानी अधिकाऱ्यांनी वायरलेसची गुपिते काढण्यासाठी त्यांचा छळ केला, ते बोलले नाहीत आणि 7 फेब्रुवारीला त्यांचा शिरच्छेद झाला. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळाले.

आता वर्षाचा संबंध सांगतो. 1 जून 1946 रोजी ही स्क्वाड्रन विसर्जित झाली. त्यानंतरच्या, एलिझाबेथ राणीच्या काळातील चिन्हांवर कमानी दबलेला मुकुट असतो. आपल्या ढालीवर तो नाही, ही जमेची बाजू आहे. मात्र 2022 नंतर घुमटाकार मुकुट पुन्हा आला असल्याने केवळ तेवढ्यावर ढाल जुनी ठरत नाही. महायुद्धात आपल्या हवाई दलाकडे लिबरेटरसारखे चार इंजिनांचे बॉम्बर नव्हते. म्हणून आजोबांच्या भरतीचे वर्ष पुन्हा विचारतो.

भंगारातले_सोने
अशा ढालींना परदेशात चांगली किंमत येते. विकणार असाल, तर कळवावे.

ट्रंकवाला
विकायची नाही. भरती 1948 ची आहे, फिटर म्हणून, आणि पहिली नेमणूक कानपूरला. म्हणजे बॉम्बफेकीची गोष्ट खोटी आहे, असे आपले म्हणणे आहे का? मागे शाईने ‘डिग्री’ एवढा एक शब्द आहे, तोही चुकीच्या स्पेलिंगने, त्यामुळे लिहिला नव्हता. आत्याच्या मते कोणाच्या तरी पदवीची ती आठवण असावी.

जुना_नॅव्हिगेटर
स्पेलिंग अगदी बरोबर आहे! डिग्री हे मिदनापूर जिल्ह्यातील धावपट्टीचे नाव असून 159 स्क्वाड्रन तेथेच होती. आजोबा खोटे बोलले, असे मी म्हणणार नाही. गोष्ट बहुधा ऐकणाऱ्यांनी वाढवली असेल. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरच्या चकेरी तळावर लिबरेटर विमाने निकामी करून टाकून दिली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कंपनीने ती दुरुस्त केली आणि नोव्हेंबर 1948 मध्ये त्यांवरच आपली पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे सहाव्या स्क्वाड्रनने हीच विमाने 1968 पर्यंत सागरी टेहळणीसाठी वापरली. मोडक्या विमानांच्या त्या ढिगाऱ्यात काम करणाऱ्या फिटरच्या हाती अशी ढाल लागली असावी, हा केवळ माझा तर्क आहे.

मावळतीकर
मोर ब्रह्मी निघाला. माझे विधान मागे घेतो.

ट्रंकवाला
बाबांना वाचून दाखवले. ‘बॉम्बफेक’ शब्द काढल्याने ते नाराज आहेत, पण कानपूर ऐकल्यावर त्यांना आठवले की आजोबा दिवाळीतही नखांतले ग्रीस काढत बसत आणि वैतागून म्हणत, “साहेबाने हातोडे मारून मोडले, आम्ही हातोडे मारून जोडले.” दोन पानांची सुरुवात आता तेथूनच करीत आहे. दिल्लीच्या पालम संग्रहालयात एक लिबरेटर आहे, असे वाचले. ते आतून पाहू देतात का?

सुगरण_माई
लाकडावर मात्र चिंच लावू नका.