‘दुय्यम गाठ’ म्हणजे कमी गंभीर का?

रामबागकर: मामींचा रिपोर्ट घेऊन गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, “गले की गाँठ सेकंडरी लग रही है, प्राइमरी किडनी में होगी.” इंदूरच्या मराठीला हिंदीचा आधार लागतोच, पण मामींना नीट मराठीत सांगावं म्हणून मी म्हटलं, “गाठ दुय्यम आहे.” मामींचा चेहराच खुलला. “म्हणजे मुख्य काही नाही!” दुय्यम निबंधक म्हणजे साहेबाच्या हाताखालचा, एवढंच त्यांना ठाऊक. ‘सेकंडरी’ला दुसरा शब्द आहे का?

घसादुखी: आधी ‘गला’ सोडवा. हिंदीत मान, कंठ, घसा सगळं त्यातच. मराठीत गिळताना दुखतो तो घसा, हार घालतो तो गळा. गाठ नेमकी कुठे?

रामबागकर: गळ्यात, समोर. थायरॉइडमध्ये.

काचपट्टी: पॅथॉलॉजीत आहे, म्हणून बोलते. दुय्यम हे फक्त क्रमाने. महत्त्वाने मुळीच नाही. पेशी पहिल्यांदा जिथे बिघडल्या ती मूळ गाठ. तिथून रक्तातून वा लसिकेतून (लिम्फमधून) जाऊन दुसरीकडे रुजली ती सेकंडरी. थायरॉइडमध्ये अशी गाठ एरवी विरळाच, पण मूत्रपिंडाचा कर्करोग तिथे जाऊन बसतो, कधी मूत्रपिंड काढल्याला दहा वर्षं उलटल्यावरसुद्धा. त्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली आतून रिकाम्या, स्वच्छ दिसतात. पंचाईत अशी की थायरॉइडच्या काही गाठीही तशाच दिसतात. मग पेशीतली ठरावीक प्रथिनं दाखवणारी रंजकं लावायची. थायरोग्लोब्युलिन आणि टीटीएफ-१ उमटले तर थायरॉइडचीच, दोन्ही कोरे राहिले तर संशय बाहेरचा. पॅक्स-८ हे प्रथिन मात्र थायरॉइड आणि मूत्रपिंड दोन्हींकडे उमटतं, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहिलात तर फसलात. गाठ थायरॉइडऐवजी स्वरयंत्रात असेल तर आणखी एक खूण असते: बाहेरून आलेली गाठ बहुधा अस्तराखाली वाढते, वरचं अस्तर शाबूत असतं. तिथली नेहमीची मूळ गाठ अस्तरातूनच सुरू होते.

शब्दवेडा: सेकंडरीसाठी ‘विक्षेप’ वाचलाय मी कुठेतरी. पण आपल्याकडे विक्षेप मनाचा होतो, गाठीचा नाही. असं पसरण्याला डॉक्टर म्हणतात ‘मेटास्टॅसिस’; हा ग्रीक शब्द, अर्थ जागा बदलणे. मग ‘स्थलांतरित गाठ’?

काचपट्टी: नको! स्थलांतर म्हटलं की मागच्या घराला कुलूप लागल्यासारखं वाटतं. इथे मूळ गाठ जागेवर असू शकते आणि शाखा वेगळी उघडलेली. ‘दुसरी गाठ’ही नको. तंबाखूवाल्याला घशाचा कर्करोग होऊन पुढे फुप्फुसात अगदी नवा, स्वतंत्र होऊ शकतो. ती ‘दुसरी मूळ गाठ’; ‘पसरलेली’ म्हटलंत तर निदानच उलटं.

घसादुखी: मग ‘पसरून आलेली’. साधं आहे, फसवत नाही.

शब्दवेडा: कोशात शोभणार नाही.

काचपट्टी: कोशाला बायोप्सी करायची नसते. आणि ‘कशाची’ तेवढं जोडाच. नाव मूळ जागेचंच राहतं: थायरॉइडमध्ये असली तरी तो मूत्रपिंडाचाच कर्करोग, आणि औषधंही त्याचीच.

रामबागकर: आज सांगितलं, “मामी, गाठ गळ्यात आहे, पण मूळची मूत्रपिंडाची वाटते. तिथून पसरून आलेली.” मामी थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, “म्हणजे आपल्यासारखीच. पाच पिढ्या इंदुरात, कुलदैवत जेजुरीचं.” आणि लगेच, “पोटाचा स्कॅन कधी?” गुरुवारी आहे.