बीएसए बी३१ (प्लंजर): उजवी मागची इंजिन प्लेट गायब, करून घ्यावी का आणि कशी?

प्लंजरफ्रेम
नमस्कार मंडळी. १९५१ ची बी३१ आहे (बीएसए या ब्रिटिश कंपनीची एक सिलिंडरची मोटारसायकल), प्लंजर फ्रेम, म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंच्या उभ्या स्प्रिंगांवर वरखाली सरकणारी. इंजिन आणि गिअरबॉक्स धरणाऱ्या मागच्या दोन प्लेटांपैकी उजवी नाहीच. डावी आहे आणि डोळ्याला सरळ दिसते, पण गिअरबॉक्सच्या बोल्टचं भोक लांबट झालंय. शिवाय फ्रेमवरचा साइड स्टँडचा लग (स्टँड अडकवायचा कान) कोणीतरी ग्राइंडरने उडवलाय.
डावी प्लेट पालथी घालून तिच्यावरूनच उजवी कापली तर चालेल का? स्टील कोणतं घ्यावं, किती जाडीचं? आणि नवा लग इलेक्ट्रिक वेल्डिंगने लावता येईल का?

भागक्रमांक
करून घेण्याआधी शोध नीट घ्या. तुम्ही फक्त बी३१ च्या नावाने शोधत असाल तर अर्धा माल नजरेआड राहतो. बी३१ (३४८ सीसी) आणि बी३३ (४९९ सीसी) यांची फ्रेम एकच, फरक मुख्यतः सिलिंडरचा. म्हणून दोन्ही नावांनी शोधा. १९५४ पासूनची स्विंगिंग आर्म फ्रेम (मागचं चाक बिजागरीवरच्या दांड्यावर हलणारी) मात्र वेगळी, तिच्या प्लेटा तुलना केल्याशिवाय घेऊ नका.
पार्ट्स बुकातला क्रमांक आधी काढा. बीएसएचे क्रमांक दोन आकडे, आडवी रेघ आणि पुढे भागाचा आकडा असे असतात. तुकड्यावर ठोकलेला किंवा ओतीव अक्षरांतला आकडा दर वेळी तोच असेल असं नाही, त्यावर विसंबू नका.
विकणाऱ्याकडून पट्टी ठेवून काढलेला फोटो आणि कोणत्याही दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मागवा. तुमच्या डाव्या प्लेटवरचं तेच अंतर जुळत नसेल तर विषय संपला. जुनी प्लेट हातात आली की भोकांभोवतीचा रंग काढून रॉकेल लावा, दहा मिनिटांनी कोरडी पुसा आणि खडू घासा. तडा असेल तर खडूवर ओली रेघ उमटते.

लेथ_आणि_कानस
पालथी घालून कापू नका. डाव्या बाजूला प्रायमरी चेनकेस (इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचा डबा) आहे, त्यामुळे दोन्ही प्लेटा हुबेहूब आरशातल्या असतील असं धरून चालता येत नाही. आणि डाव्या प्लेटचं भोक झिजलंय, म्हणजे ती झीज नव्या प्लेटमध्ये उतरणार. डावीचा उपयोग जाडी आणि बाहेरच्या आकारापुरता करा. भोकांची जागा क्रँककेस (इंजिनचा खालचा डबा), गिअरबॉक्स आणि फ्रेमवरून घ्या.

त्याआधी फ्रेम सरळ आहे का ते बघा. वाकड्या फ्रेमवरून घेतलेलं माप वाकडेपणासकट प्लेटमध्ये जातं. हेड ट्यूबमध्ये आणि मागच्या चाकाच्या जागी सरळ गज घालून, दोरी ताणून तपासता येतं.

मग क्रँककेस (सिलिंडर काढून, पण क्रँकशाफ्ट आत ठेवून) आणि गिअरबॉक्स डाव्या प्लेटवर लावून फ्रेममध्ये बसवा. इंजिन स्प्रॉकेट आणि क्लच स्प्रॉकेट यांच्या दातांच्या बाजूवर सरळ पट्टी टेकवून रेषा जुळवा. मागच्या चेनसाठीही तेच. नवी प्रायमरी चेन घालून गिअरबॉक्स सरकायच्या जागेत बराचसा पुढे, इंजिनच्या बाजूला ठेवा. चेन वापराने सैल होतच जाते, तेव्हा मागे ओढायला वाव लागतो. इथे चूक झाली तर प्लेट कितीही सुबक असो, चेन ताणायला जागाच उरणार नाही.

आता प्रत्येक भोकात घट्ट बसणारी पिन लेथवर करून घ्या, बाहेरच्या तोंडाला बरोबर मध्यावर टोक काढलेली. जाड पुठ्ठा त्यावर दाबला की मध्य उमटतात. पुठ्ठ्यावरून २ मिमी पत्र्याचा फर्मा करा आणि तो गाडीवर बसवून बघा. पुठ्ठ्यावरून थेट स्टीलवर जाऊ नका, अर्ध्या मिलिमीटरची चूक तिथेच शिरते. अंतर व्हर्नियरने पडताळा: दोन पिनांच्या बाहेरून बाहेरचं माप घ्या आणि एका पिनेचा व्यास वजा करा. पिन ९.५२ आणि बाहेरचं माप १३०.४२ असेल तर मध्यांमधलं अंतर १२०.९० मिमी.

जाडी डाव्या प्लेटचा रंग खरवडून मोजा. मूळ माप इंचात आहे: ३/१६ म्हणजे ४.७६ मिमी, १/४ म्हणजे ६.३५. बाजारात ५ आणि ६ मिमी मिळतं. प्लेट लगच्या बाहेरून येत असेल तर इतका फरक चालतो. दोन लगांच्या मध्ये येत असेल तर ५ ची शिरत नाही किंवा ६ ची सैल राहते, मग जाड पट्टी घेऊन ग्राइंड करून मापात आणा. साधं माइल्ड स्टील पुरेसं आहे. ॲल्युमिनियम त्याच जाडीत घेऊ नका, त्याचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश.

लेझरने बाहेरचा आकार कापून घ्यायला हरकत नाही, पण भोकं १ मिमी लहान ठेवायला सांगा आणि ड्रिल-रीमरने मापात आणा. ३/८ इंचासाठी ९.३ मिमी ड्रिल, मग ३/८ रीमर (९.५२५). तिथे १० मिमीचं भोक पाडून एम१० बोल्ट घातला की पलीकडचा लगही मोठा करावा लागतो आणि मूळ फ्रेम कायमची बिघडते.

आट्यांचं भान ठेवा. या काळातल्या फ्रेमवर २६ टीपीआयचे (इंचाला २६) सायकल आटे भरपूर सापडतात, म्हणून आटा-गेज लावल्याशिवाय बोल्ट घालू नका. ५/१६ च्या आट्यात एम८ दोन फेरे जातो, मग अडतो. जोर केला की आटे गेले. बोल्ट ईएन८ (मध्यम कार्बनचं मजबूत स्टील) मधून करून घ्या, आणि भोकात येणारा भाग साधा, बिनआट्याचा ठेवा. आट्यांवर भार आला तर भोक पुन्हा लांबट होईल. डाव्या प्लेटचं भोक मोठं करून, स्टीलचा बुश (आतून पोकळ गोल तुकडा) दाबून, पुन्हा मापात रीम करा.

प्लंजरफ्रेम
फर्मा बसला, धन्यवाद. पण सगळे बोल्ट हाताने घातल्यावर क्रँककेसच्या खालच्या लगपाशी ०.६ मिमी फट राहते. बोल्ट आवळला की मिटते. तसंच ठेवू?

लेथ_आणि_कानस
अजिबात नको. क्रँककेसचे लग ॲल्युमिनियमचे आहेत. फट ओढून मिटवली की लग सतत वाकलेल्या अवस्थेत राहतो, आणि इंजिनच्या थरथरीने मुळाशी तडा जातो. ०.६ ची स्टीलची चकती लगच्या पूर्ण तोंडाएवढी कापून मध्ये घाला. एकावर एक पातळ वॉशर नकोत, ते दबतात आणि बोल्ट सैल होतो. फीलर गेजची ०.१ ची पाती कुठेच शिरायला नको.
आवळायचा क्रम: आधी क्रँककेस-प्लेट, मग गिअरबॉक्स, शेवटी प्लेट-फ्रेम. सिलिंडर हेडला फ्रेमशी जोडणारा आधार असेल तर तो सगळ्यांत शेवटी.
पावडर कोटिंग करणार असाल तर बोल्टखालची आणि लगला टेकणारी तोंडं झाकायला सांगा. थर दर बाजूला ६० ते १०० मायक्रॉन असतो आणि दाबाखाली बसत जातो, त्यामुळे बोल्ट ढिले होतात.

पितळीजोड
साइड स्टँडच्या लगबद्दल. जिथे तुटलाय ती जागा कानशीने चमकवून रंग बघा. पिवळी कड दिसली तर तो जोड पितळाने ब्रेझ केलेला (स्टील न वितळवता, मध्ये पितळ वितळवून जोडलेला) आहे, आणि तिथे इलेक्ट्रिक वेल्डिंग करायचं नाही. वितळलेलं पितळ गरम, ताणाखालच्या स्टीलच्या कणांमधल्या सीमांत शिरतं आणि नळी शेजारीच तडकते. वरून घासून पितळ पूर्ण निघत नाही.
नवा लग स्टीलमधून करा, नळीच्या गोलाईला तंतोतंत बसेल असा, आणि तो सिल्व्हर ब्रेझिंगने लावा. ५५ टक्के चांदीची, कॅडमियम नसलेली कांडी साधारण ६३० ते ६६० अंश सेल्सिअसला वितळते. पितळ त्याच्या बरंच वर वितळत असल्याने शेजारचे जुने जोड हलत नाहीत. फट ०.०५ ते ०.१५ मिमी ठेवा, जास्त असेल तर चांदी आत ओढली जात नाही. फ्लक्स (जोड स्वच्छ ठेवणारा लेप) चांदीच्या कांडीचाच वापरा, टाकणखार या तापमानाला नीट वितळत नाही. ज्योत लगवर जास्त धरा, नळी पातळ आहे, लवकर लाल होते. थंड आपोआप होऊ द्या, पाणी मारू नका. उरलेला फ्लक्स नंतर गरम पाण्याने धुवून काढा, नाहीतर रंगाखाली गंज धरतो.
साइड स्टँडवर गाडी उभी करून किक मारली जाते, तेव्हा तो लग नुसता चिकटवलेला नको. नळीला निम्म्याहून जास्त वेढणारा करा.